कंठग्रंथिदहनपर्व

स्वस्ति श्री! समस्त-कोरगाव-मंडल-भूषण, पेडणे-मामलेदार-कचेरी-प्रांगण-केसरी, अव्वल-कारकून-कुलावतंस, आवक-जावक-सार्वभौम, सप्तविंशतिवर्ष-ललकारी-धुरंधर, वामकंठस्थ-ग्रंथिधारक, राजमान्य राजश्री बाबली विष्णू तळवणेकर यांची ही खासगी दैनंदिनी आजपासून प्रवृत्त होत आहे. अनधिकृत वाचकास रौरव नरक प्राप्त होवो. तो वाचक माझी धर्मपत्नी सुमंगला असल्यास, नरकाकडे प्रस्थान करण्यापूर्वी तिने माझा चष्मा कुठे ठेवला ते समासात लिहावे.

२ नोव्हेंबर २०२४

ह्या लेखनाचे कारण माझ्या गळ्यात आहे. डाव्या बाजूस, थायरॉइड नामक ग्रंथीत, लिंबाएवढी गाठ गेली सहा वर्षे सुखाने नांदते आहे. मी ती उपरण्याने आच्छादितो. घरात, कचेरीत वा गावात अद्याप कोणाच्याही लक्षात आलेली नाही. प्रजा अंध असणे हे कधीकधी सोयीचे असते.

परंतु जत्रा अठरा डिसेंबरला आहे. आमच्या वाड्यावरील सातेरीची पालखी प्रदक्षिणा करून मंडपाच्या पायरीशी आली की, चांदीची काठी धरून एका पुरुषाने देवीची बारा बिरुदे खुल्या कंठाने गर्जावयाची असतात. हीच ललकारी. ध्वनिक्षेपक वर्ज्य. हा मान आमच्या घराचा. मानकरी ज्या वर्षी ललकारी देऊ शकणार नाही, त्या वर्षी मान पुढच्या घराकडे जातो आणि पुन्हा परतत नाही. देवस्थान समितीच्या वहीत हा नियम असा लिहिला आहे : ‘ललकारी जो पुरी करील तो मानकरी.’ मसुदा इतका ढिसाळ आहे की कचेरीत असा लिहिणाऱ्यास मी टपाल फोडायलाही बसवले नसते.

पुढचे घर म्हणजे माझा चुलतभाऊ शिवदास. काजूचा बागायतदार. देवी ज्या वारुळात वसते ते वल्मीक हे कोणा सद्गृहस्थाचे नाव असावे, अशी ह्याची समजूत. पालखीमागे अब्दागिरी धरून चालणे ही त्याची आजवरची सांस्कृतिक कामगिरी.

आज परसात ललकारीचा सराव केला. सातव्या बिरुदानंतर गेली सहा वर्षे मला आवंढा गिळावा लागतो. आज तो गिळला गेलाच नाही. खोकलो. माडाखाली बसलो. बराच वेळ बसलो.

५ नोव्हेंबर

म्हापशाच्या एका इस्पितळात गेलो. शिवदासने आपल्या गाडीतून नेले. “दादा, बसीत धक्के खाव नको. मी नेतंय तुका.” केवळ वाहनसुखार्थ होकार दिला. मी दाताच्या डॉक्टरकडे जातो आहे असे सांगितले होते. तो मला थेट गळ्याच्या डॉक्टरच्या दारात उतरवून ‘वाट बघतंय’ म्हणाला. दिशाज्ञानही नाही आणि दातही ओळखता येत नाहीत.

डॉक्टर तेजस्विनी ही वयाने माझ्या कचेरीतील स्टेपलरहून लहान. मागे दोनदा सुई घालून तपासणी झाली होती. दोन्ही वेळा गाठ निरुपद्रवी निघाली. तेहतीस वर्षे सरकारी सेवेत काढलेल्या माणसाच्या गाठीकडून अन्य अपेक्षा नव्हती.

“काका, ही कापायची नाही,” ती म्हणाली. “बारीक सुई आत घालून तिच्या टोकाला उष्णता द्यायची. गाठ आतल्या आत भाजते. मग शरीर ती हळूहळू शोषून घेतं. टाके नाहीत, भूल फक्त गळ्यापुरती. संध्याकाळी घरी.”

“आणि कंठस्वर?”

“स्वराची नस गाठीच्या अगदी मागून जाते. शंभरात एखाद-दुसऱ्याचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, पण आठवडे लागतात, कधी महिने. तुमची जत्रा आहे ना? मग जत्रेनंतर या. घाई काहीच नाही.”

जत्रा असल्याचे मी तिला सांगितले नव्हते. बाहेरच्या बाकावर शिवदास केळी खात बसला होता.

७ नोव्हेंबर

सुमंगलेस वार्ता सांगावी लागली. मोठी प्रस्तावना करून, उपरणे दूर सारून, गाठ प्रकट केली. स्त्री मूर्च्छित होईल म्हणून खुर्ची जवळ ओढून ठेवली होती. ती तांदूळ निवडत राहिली.

“गळ्यांत उजो घालतले?”

“उजो नव्हे. नियंत्रित उष्णता.”

“म्हणजे उजोच मरे. आनी जत्रेआधी कित्याक? दोतोरीण नंतर ये म्हणता मां?”

हेही तिला कोणी सांगितले, कळले नाही. शिवदास पडवीत होताच, त्याने शास्त्रार्थ केला, “वयनी, काजू भाजलो की साल सुटता आनी बी रवता, तशें.” माझ्या देहाची तुलना भट्टीतल्या काजूशी झाली. मी उठून आत गेलो.

आधी की नंतर? आधी केल्यास आवाज जाण्याची भीती. नंतर केल्यास सातव्या बिरुदावर, अख्ख्या गावासमोर, गुदमरण्याची. ह्या गळ्याविना माझ्यापाशी काय आहे, हा प्रश्न लेखणीतून आला खरा. तो वाचायचा नाही.

११ नोव्हेंबर

‘जत्रेपूर्वी करावे काय?’ हा प्रश्न मर्त्यांच्या कक्षेबाहेरचा असल्याने देवीस कौल लावला. आमच्याकडे ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवतात व प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लोक येथे ‘म्हस गाभण रवात मां?’ अशा भाषेत विचारतात. मी देवीस तिच्या इतमामास साजेसे संबोधन करावयाचे ठरवले. “सप्तपातालविहारिणि, वल्मीकवासिनि, शरणागतवत्सले,” असे आरंभून मी पाचव्या बिरुदाशी पोचलो, तोच उजवी पाकळी टपकन पडली.

“कौल जालो!” भटजी म्हणाले. मागे सात जण रांगेत होते.

शिवदास कानाशी लागला. “दादा, तुवें अजून कांयच विचारूक नाय.”

“देवीस प्रश्न आधीच ज्ञात असतात.”

“पूण पाकळी सुकली म्हणान पडली. तू किती वेळ...”

अश्रद्ध माणसाशी वाद घालू नये. कौल स्पष्ट आहे : जत्रेपूर्वी. डॉक्टरणीस दूरध्वनी केला. तिने ‘जत्रेनंतर’ असे पुन्हा सुचवून पाहिले. मग तिने बावीस तारीख दिली आणि जोखीम पुन्हा एकदा, अगदी सावकाश, समजावून सांगितली. बालिशपणा! मला एकदा सांगितलेले कळते.

२२ नोव्हेंबर

सायंकाळ. हस्ताक्षर डळमळीत असल्यास वाचकाने (नरकगामी) क्षमा करावी.

वीज परत जाण्यासाठी म्हणे, मांड्यांवर दोन पट्ट्या चिकटवल्या, मान मागे वाकवली, गळा बधिर केला. डिचोलीची प्राजक्ता नावाची परिचारिका माझे हात धरून होती. मी पळेन असा तिचा अंदाज असावा. गळ्याच्या मध्यातून सुई आत गेली. पडद्यावर माझी गाठ दिसत होती : राखाडी, गोल, आत्मसंतुष्ट. सुईच्या टोकाशी पांढरे बुडबुडे उठले. आत कुठेतरी ‘फट्’ असा आवाज झाला. काजूच. शिवदासला हे सांगणार नाही.

“काका, मधूनमधून काहीतरी बोलत राहा,” डॉक्टर म्हणाली. “तुमचा आवाज मला ऐकू येत राहिला पाहिजे.”

एकतीस वर्षांच्या वैवाहिक आयुष्यानंतर प्रथमच कोणा स्त्रीने मला बोलत राहण्याची विनंती केली. मी संधी दवडली नाही. एक ठिणगी, एक बिरुद, असा क्रम लावला. “सप्तपातालविहारिणीऽऽ!” शेजारच्या खोलीत काहीतरी पडले.

प्राजक्ता म्हणाली, “दोतोर, ह्यांका निदेचें इंजेक्शन दिवया मगो?”

“नको, नको. छान चाललंय. पुढचं म्हणा, काका.”

आठ बिरुदे निर्विघ्न पार पडली. सातव्यानंतर सवयीने आवंढा गिळला, तर “गिळू नका, हलू नका!” असे डॉक्टर खेकसली. नववे बिरुद ‘कोरगावपुराधीश्वरी’. त्यातला ‘पु’ निघाला आणि ‘रा’ निघालाच नाही. त्या जागी शिळ्या पोईतून, म्हणजे आमच्याकडच्या पोकळ पावातून, वारा जावा तसा काहीतरी ध्वनी झाला.

डॉक्टरने हात उचलला. एका क्षणात. मग थंडगार साखरपाणी सुईने गाठीच्या मागे सोडले. नस थंड करतात म्हणे. “पुन्हा म्हणा, काका.” म्हटले. वारा. “पुन्हा.” वारा. तिच्या कपाळावर घाम होता. नसेशेजारची कड न भाजता तिने काम थांबवले.

“नस दुखावली आहे, पण तुटलेली नाही. बहुतेक परत येईल.”

बहुतेक. ह्या अव्ययास मी आजवर कचेरीच्या पत्रव्यवहारात कधीही थारा दिला नव्हता.

२३ नोव्हेंबर

आवाज नाही.

२९ नोव्हेंबर

नाही.

सुमंगलेने शाळकरी पाटी आणून दिली. मी शुद्ध भाषेत मागणी लिहू लागतो आणि लिहून होण्याआधीच ती वस्तू समोर ठेवते. काल ‘कृपया कोष्ण जल’ एवढे लिहितो तोच कोमट पाण्याचा पेला आला. साक्षरतेचा एवढा उपमर्द मी पाहिलेला नाही. दिवसभर ती एकटीच बोलते, दोघांच्या वाटणीचे. मध्येच थांबते, जणू मी उत्तर दिले, आणि “तुमी म्हणता तें खरां” असे म्हणते. माझे एवढे मुद्दे तिने ह्यापूर्वी कधी मान्य केले नव्हते.

आज परसात जाऊन एकच शब्द म्हणून पाहिला. माडावरचा कावळाही उडाला नाही.

६ डिसेंबर

शिवदास समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन नियमांची वही मागून घेऊन आला, असे पदेर, आमचा पाववाला, पाव देता देता सांगून गेला. दोन तास वाचत बसला होता म्हणे. वर्तमानपत्रातले भविष्यदेखील बोट ठेवून वाचणारा मनुष्य! मान हिसकावून घेण्याची कायदेशीर सिद्धता चालू आहे. गिधाडास वाट पाहण्याचाही धीर नाही.

१२ डिसेंबर

गिधाड स्वतःच आले. हातात पिकलेले पपनस. पडवीच्या पायरीवर बसले, वर नाही.

“दादा, जत्रेक सहा दीस ऱ्हवले. दोतोरीण कितें म्हणता?”

पाटीवर लिहिले : ‘धीर.’

“तर कोणेंतरी काठी धरूक जाय. माका ललकारी कागदार बरोवन दी. मी पाठ करतंय.”

पाटीवर लिहिले : ‘तुला?’

“आनी कोणाक? पुढचें घर आमचें.” मग पपनस हातात फिरवत, “चुकलंय तर तूच फजिती कर मागीर.”

त्याच्या मुखावर लज्जेचा लवलेश नव्हता. मी आत गेलो आणि बिरुदे लिहून काढली. घराण्यात ती आजवर कधी कागदावर उतरली नव्हती. वडिलांनी मला मुखाने दिली होती. अकरा बिरुदे सुवाच्य अक्षरात, संधिविग्रहासहित लिहिली. बारावे लिहिले नाही.

बारावे बिरुद संस्कृत नाही. अकरा गडगडाटांनंतर मानकरी काठी जमिनीवर आपटून फक्त एवढेच म्हणतो, “आमची आवय!” आमची आई. कोणा अडाणी पूर्वजाने घुसडलेले. मला त्याची नेहमी किंचित लाज वाटत आली. तरीही ते शिवदासच्या मुखी जावे, हे मला सहन होईना. अकराव्यानंतर तो मंडपासमोर आ वासून उभा राहील आणि सारे गाव पाहील, मान कोणाच्या हाती गेला ते. हे कृत्य नीच आहे, ह्याची नोंद येथे करून ठेवतो. कागद घडी घालून दिला.

त्याने वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे पाहिले.

“इतलेंच?”

मी मान डोलावली.

“बरें,” म्हणाला, आणि पपनस ठेवून गेला.

१९ डिसेंबर

काल जत्रा झाली.

मी जाणार नव्हतो. सुमंगलेने सदरा, उपरणे काढून ठेवले आणि स्वतः चपला घालून दारात उभी राहिली. एकतीस वर्षांत तिने मला आदेश दिलेला नाही. कालही दिला नाही. नुसती उभी राहिली.

मंडपासमोर समितीचे अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, चेहरा नव्या बँक शाखेचे उद्घाटन असल्यासारखा. शिवदास काठी धरून पायरीवर. धोतर घोट्याच्या वर, घसा खाकरण्याची पद्धत गुराख्याची. पालखी आली. ढोल थांबला.

त्याने आरंभ केला, आणि प्रथम मला वाटले, मीच बोलतो आहे. तेच चढ, तेच उतार, ‘विहारिणी’तला माझा दीर्घ. मूर्खाने स्वतःचे असे एक अक्षर घातले नव्हते. सत्तावीस वर्षे अब्दागिरी धरून हा मागे काय करत होता, कोण जाणे.

सातवे बिरुद संपले. आणि तो थांबला. मान किंचित डावीकडे वळवून त्याने, ज्याच्या गळ्यात काही म्हणजे काही नाही त्या मनुष्याने, आवंढा गिळला. त्याच क्षणी ढोलकार गौरेशने ढोलावर दोन ठोके दिले. धम्, धम्. मग आठवे बिरुद.

शेजारी वाड्यावरची मनीषामावशी नातीला सांगत होती, “हांगा थांबचेंच आसता गो. देवी श्वास घेता.”

मी ओरडणार होतो की गाढवांनो, ती परंपरा नव्हे, ती माझी गाठ आहे! ओरडायला काही नव्हते. गौरेश ते दोन ठोके सहा वर्षे देतो आहे, असे आता आठवते. मला वाटे, त्याचा हात चुकतो.

नववे, दहावे, अकरावे. शिवदास थांबला. मी ह्याच क्षणाची वाट पाहत होतो. सारा मंडप थांबला. तो आ वासून उभा राहिला नाही. तो पायऱ्या उतरून, गर्दी बाजूला करत, माझ्यासमोर आला आणि काठी माझ्यापुढे धरली.

“दादा, फुडलें माका येना,” मोठ्याने म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

काठी हाती घेतली. ती आपटली. आणि म्हटले. काय निघाले ते मला ठाऊक नाही. वाऱ्याहून थोडे अधिक, आवाजाहून पुष्कळ कमी. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेले असेल. “आमची आवय.” मग सारे गाव तेच ओरडले, असे कधी होत नसते, आणि ढोल सुटला.

लगोलग अध्यक्षांनी वही उघडून वाचले, ‘ललकारी जो पुरी करील तो मानकरी’, आणि जाहीर केले की मान तळवणेकरांच्या थोरल्या घरी अबाधित आहे. वहीत त्या पानावर खूण म्हणून काजूचे सुकलेले पान घातलेले होते. अशा ढिसाळ मसुद्याचा कोणास तरी उपयोग झाला हे पाहून करमणूक झाली.

निष्कर्ष : माझी युक्ती सफल झाली. बारावे बिरुद न मिळाल्याने शिवदास अडला, आणि मान वाचला. रात्री तो अब्दागिरी पुसून ठेवत होता तेव्हा तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. जवळून जाताना ऐकले. ‘आमची आवय, आमची आवय.’ एकदा ऐकून लगेच उचलले. पोपटाची बुद्धी.

सुमंगलेने त्याला जेवायला बोलावले. का, ते सांगितले नाही. खीर केली होती.

९ फेब्रुवारी २०२५

आवाज जवळजवळ आला. पहिले वाक्य सुमंगलेस उद्देशून म्हटले, “चष्मा कुठे आहे?” ती परसात गेली आणि तिकडून बराच वेळ आली नाही.

म्हापशास पुन्हा सोनोग्राफी. गाठ निम्म्याहूनही लहान. नसेशेजारची कड तशीच राहिली आहे. ती वाढते का हे पाहत राहावे लागेल. डॉक्टर म्हणाली, “काका, त्या दिवशी तुम्ही बोलत होता म्हणून मला वेळेत कळलं. गप्प राहणारा पेशंट असता तर...” माझ्या बडबडीच्या उपयुक्ततेविषयीचे हे विधान मी तिच्याकडून लेखी मागितले. हसली. दिले नाही.

सदऱ्यांची कॉलर सैल झाली आहे. पेडण्याच्या शिंप्यास जाब विचारला की मापे एवढी ढगळ कशी. तो म्हणाला, “वयनीन सांगिल्लें न्ही, दर वर्साक गळो इल्लो इल्लो वाडय म्हणान. सहा वर्सां जालीं. तुमकां सांगू नाका म्हणिल्लें.” स्त्रियांना मापनशास्त्रातले काही कळत नाही आणि शिंपी ते ऐकतात. सदरे तेथेच टाकून आलो.

१३ एप्रिल

काल चैत्रातील पालखी. मान माझा, काठी माझी, कंठ मोकळा. सहा वर्षांत प्रथमच सातव्या बिरुदानंतर गिळण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी थेट आठव्यावर गेलो. आठवे बिरुद गौरेशच्या दोन ठोक्यांखाली चिरडले गेले. कोणालाही ऐकू आले नाही. पालखीवाल्यांचा पाय चुकला. मनीषामावशीने कपाळाला हात लावला.

मागून शिवदास पुटपुटला, “दादा, थांब मरे थंय. तो थांबो तुजोच.”

समितीने आज बैठक घेतली. मी निक्षून सांगितले की तो विराम नसून व्याधी होती, आणि ती व्याधी म्हापशास विधिपूर्वक भाजून नष्ट करण्यात आली आहे. सोनोग्राफीची प्रत जोडण्यास तयार आहे. अध्यक्ष म्हणाले, “बाबली, गाठ तुजी. थांबो देवीचो.” एकमताने ठराव झाला. वहीत दोन ठोक्यांची नोंद झाली, मसुदा पुन्हा ढिसाळ. शिवदासनेही हात वर केला, हसत.

ठीक आहे. थांबू. परंतु दोन ठोके म्हणजे मोजून तीन सेकंद होतात. पूर्वी गिळायला निदान आवंढा असे. आता त्या तीन सेकंदांत, काठी धरून, अख्ख्या वाड्याच्या डोळ्यांसमोर, मी तोंडाचे नेमके करावे काय? उघडे ठेवावे की मिटावे? लेखी विचारणा केली, तर समितीतील एकही गाढव उत्तर द्यायला तयार नाही.